गळतीच्या मागावर विंचूरपर्यंत

लोक परदेशात जाऊन येतात आणि त्यावर लिहितात. मी नाशिकहून विंचूरला जाऊन आले आणि मलाही लिहायचं आहे. एसटीनं गेलात तर डुलकी लागते न लागते तोच विंचूर येतं. आम्हाला मात्र दोन दिवस लागले, कारण दर थोड्या अंतरावर गाडी थांबवून आम्ही तिच्या पोटाखाली वाकून बघत होतो. वाकून बघणाऱ्याला प्रवासात जे दिसतं ते खिडकीतून बघणाऱ्याला दिसत नाही, एवढं छातीठोक सांगते.

आधी गाडीची ओळख करून देते. मी निवृत्त नर्स. अख्खी नोकरी बसच्या दांड्याला धरून केली. ड्यूटीवर वेळेत पोचायचं म्हणून चालत्या बसमागे पळाले आहे, आणि दांडा सुटून एकदा गुडघेही फोडून घेतले आहेत. निवृत्त झाल्यावर ड्रायव्हिंग शिकले आणि सेकंडहँड गाडी घेतली. छोटी, राखाडी रंगाची. बऱ्याच गाड्यांना नाकं मुरडून ही एक मी स्वतः पसंत केली. माझे यजमान मधुकरराव तेव्हा सोबत होते, पण त्यांची तपासणी टायरला पायानं ठोकून बघण्यापुरतीच होती.

उपनगरच्या आमच्या कॉलनीत गाडी आली त्या दिवशी सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. मधुकररावांनी झेंडूचा भलाथोरला हार आणला होता. ते वायरमन म्हणून निवृत्त झालेले. हारवाल्यानं दिलेला दोरा त्यांनी खिशात घातला, "हा काय टिकतोय?" म्हणाले, आणि बॉनेट उघडून आपल्या पद्धतीनं हार पक्का केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हार सुकल्यावर मीच तो बाहेरून ओढून काढला.

आणि त्याच सुमारास गाडीखाली ओल दिसायला लागली.

डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, हाताच्या पंजाएवढी. आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे. त्यात मधुकरराव रोज सकाळी बादलीभर पाण्यानं गाडी धुवायचे. मग धुतल्याचं पाणी कुठलं आणि गळलेलं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शेवटी मी म्हटलं, "अहो, डॉक्टर यायच्या आधीच पट्टी बदलून टाकली तर रक्त किती गेलं ते कसं कळणार? धुणं बंद करा." ते थांबले, पण त्यांचं मत तयार झालं होतं.

"फसवलं आपल्याला," ते म्हणाले. "पुढच्या रविवारपर्यंत परत घेतो म्हणालाय ना तो गाडी विकणारा? रविवारी नेऊन देऊ. सेकंडहँड घ्यायची म्हणजे माणूस पाहिजे पारखी."

यातला शेवटचा शब्द मला लागला. पारखी! गाडी वाईट निघाली असती तर माझी नजर वाईट ठरली असती. मग पुढच्या आयुष्यात भाजीसुद्धा मी निवडलेली चालली नसती. मी म्हटलं, "शुक्रवार-शनिवार मला द्या. गळती कुठून आहे ते शोधून आणते. नाही सापडली तर रविवारी मी स्वतः चालवत नेऊन परत देईन."

"एकटी जाणार?"

"निफाडहून अक्काला घेते बरोबर."

द्वारका

पहिला मुक्काम द्वारकेला. ज्यांनी नाशिक पाहिलं नाही त्यांना सांगते, द्वारका हा असा चौक आहे की जिथे सगळ्या दिशांच्या गाड्यांना एकाच वेळी पुढे जायचं असतं, आणि गंमत म्हणजे जातातही. तो मी एकदाही गाडी बंद न पाडता ओलांडला. हे कुठे तरी लिहून ठेवायला हवं होतं, ते इथे ठेवते.

चौकापलीकडच्या गॅरेजवाल्यानं उकिडवं बसून टॉर्च मारला, चाकाजवळच्या ओलीला बोट लावलं आणि मान हलवली. "मॅडम, हे कूलंट आहे. इंजिन गार ठेवणारं पाणी. हेड पॅकिंग गेलं असणार. इंजिन खोलावं लागेल."

"पण गळतंय नक्की कुठून?"

"खोलल्यावर कळेल ना."

पोट फाडल्यावर दुखणं कळेल म्हणणारे सर्जन मी उभ्या नोकरीत पाहिले होते. मी त्याचे आभार मानले, दोन कॅन पाणी भरून घेतलं आणि निघाले. पुढे पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्यानं न विचारता निदान केलं, "काही नाही, एसीचं पाणी असेल." थंडीचे दिवस, मी स्वेटर घालून बसलेली, आणि म्हणे एसी.

चांदोरीपर्यंत तीनदा थांबले. मीटरमधला तापाचा काटा वर सरकायला लागला की बाजूला घ्यायची, गाडी पुरती गार होऊ द्यायची, मग झाकण उघडून पाणी घालायचं. रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला होता. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, घडांवर कागद बांधलेले. इतकी वर्षं हा रस्ता एसटीतून पाहिला होता, पण मी म्हणेन तिथे ती कधी थांबली नव्हती. आता गळकी का होईना, गाडी माझ्या सांगण्यावर थांबत होती.

थांबण्यावरून एक फरक लक्षात आला. नाशिक शहरात बॉनेट उघडलं की लोक गाडीच्या काचा खाली करून सल्ला देतात आणि निघून जातात. चांदोरीच्या पुढे लोक सल्ला देत नाहीत, थेट गाडीखाली शिरतात. एका उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं माझं नावगाव विचारायच्या आधीच रस्त्यावर पाठ टेकली होती. खालूनच ओरडला, "मावशी, लय बारीक गळतंय. वरून येतंय का खालून, काय कळंना." निघताना त्यानं उसाचं कांडं हातात दिलं आणि म्हणाला, "हे खा, गाडी गार हुईस्तोवर." मी खाल्लं. दात अजून माझेच आहेत, हेही जाता जाता सांगते.

निफाड

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. निवृत्त शिक्षिका. वर्गात कुणी तरी काही तरी लपवतंय असा चेहरा कायमचा राहिलेली. फाटकातच उभी होती. "जयभीम" म्हणून होतं न होतं तोच गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "रंग बरा आहे. गळते कुठं?"

तिच्या शेजाऱ्यांच्या द्राक्षबागेतून रिकामे खोके मिळाले. द्राक्षं भरायचे जाड पुठ्ठ्याचे. ते फोडून, सपाट करून आम्ही गाडी उभी केल्या केल्या तिच्याखाली सरकवले. बघता बघता अख्खी गल्ली गोळा झाली. पुठ्ठ्यावर पहिला हिरवट थेंब पडला तेव्हा सामन्यात विकेट पडावी तसा आवाज झाला.

"डाव्या अंगाला हाय."

"नाय, मधून येऊन डावीकडं वघळतंय."

"जुनी गाडी म्हातारीसारखी असती, कुठून तरी गळायचीच," असं एक आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या मंडळींनी त्यांना घरात बोलावून घेतलं.

मी मात्र वेगळंच बघत होते. थेंब आधी भराभर पडले, मग सावकाश, आणि इंजिन गार झाल्यावर थांबले ते थांबलेच. सकाळी पुठ्ठ्यावर नवा एकही डाग नव्हता. म्हणजे दुखणं ताप चढल्यावरच उमटणारं होतं. पेशंट गार असताना तपासून उपयोग नाही. जिथं थेंब पडतो तिथंच भोक असेल हेही खरं नाही, कारण पट्टीखालून वाहिलेलं रक्त कोपरावरून ठिबकतं तेव्हा जखम दंडावर असते. द्वारकेचा गॅरेजवाला, पंपावरचा माणूस, ट्रॅक्टरवाला, अख्खी गल्ली आणि मीसुद्धा, सगळे खालीच बघत होतो.

रात्री जेवायला बाजरीची भाकरी आणि घोळाणा होता. हरभऱ्याचा कोवळा पाला, कच्चा कांदा, दाण्याचं कूट, तिखट, वरून तेल. आमच्या कॉलनीत याला सॅलड म्हणतात आणि काट्यानं खातात. निफाडची थंडी अशी की पाण्यात हात घातला तर बोटं कुणाची तरी दुसऱ्याची वाटावीत.

जेवताना मधुकररावांचा फोन आला. "किती गळली?"

"पुठ्ठाभर."

"बघ. मी उद्याच त्या माणसाला फोन करून ठेवतो."

"रविवार अजून उजाडायचाय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पण झोप नीट लागली नाही. अक्कानं पांघरूण नीट करता करता विचारलं, "आणि नाही सापडलं तर?" मी म्हटलं, "तर परत बस आहेच की." बोलताना आवाज बारीक झाला, आणि तिला तो कळला.

विंचूर

अक्काचाच एक जुना विद्यार्थी सकाळी सांगून गेला की विंचूरला रफिकभाई नावाचे मिस्त्री आहेत, कांद्याचे सगळे ट्रॅक्टर तेच सांभाळतात, त्यांना दाखवा. अक्का बटवा घेऊन पुढे बसली. मध्येच ती एकदम किंचाळली, "अगं, ही आतूनही गळते!" मी गाडी कडेला घेतली. तिची साडी गुडघ्याखाली ओली झाली होती. शोधता शोधता कळलं की पायाशी ठेवलेल्या कॅनचं झाकण सैल होतं. "हे तुझं हेड पॅकिंग," मी म्हटलं. पुढचा सगळा रस्ता ती साडीचा काठ खिडकीबाहेर धरून बसली होती.

विंचूरला कांद्याचा लिलाव चालू होता. लाल कांद्यानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग बाजारापासून रस्त्यापर्यंत आलेली. वारा सुटला होता आणि कांद्याची गुलाबी सालं सगळीकडे उडत होती, केसांत, चहात, डोळ्यांत. इथली रीत अशी की कुणी काही करण्याआधी "कोणत्या गावचे?" हे विचारतात. नाशिकचे म्हटलं तर "नाशिकमधलं गाव कोणतं?" असं पुन्हा विचारतात. अक्कानं निफाड सांगितल्यावर आम्हाला बसायला खुर्ची मिळाली.

रफिकभाई एका ट्रॅक्टरच्या चाकात अडकले होते. दाढी पांढरी, बोलणं घाईचं. तिथूनच म्हणाले, "गाडी चालू ठेवा ताई, बॉनेट उघडून. तापू द्या. थंड्या गाडीत काय दिसणार नाय. मी येतोच."

हे मी रात्रीच ठरवलं होतं, तरी त्यांच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. मी बॉनेट उघडलं, काटी लावली आणि इंजिनापासून हातभर लांब उभी राहिले. इंजिन तापलं. पंखा सुरू झाला. वाऱ्यानं कांद्याची सालं इंजिनात घातली. काही उडून गेली, काही पट्ट्यांवर क्षणभर टेकली आणि तीही उडाली. कोरड्या जागी साल टिकत नव्हती.

आणि मग मला ती ओळ दिसली.

रेडिएटरच्या वरच्या अंगाला एक जाड रबरी पाइप असतो. त्या पाइपाच्या तोंडापासून खाली, पट्टीच्या कडेनं, डावीकडे वळून चाकाच्या दिशेनं सालं एकामागोमाग एक चिकटली होती. ओल्या जागेवर बसलेली, न उडणारी. इंजिनात बाकी कुठेही साल नव्हती. मी खालून वर त्या सालांच्या मागे मागे नजर नेली. पाइपाच्या तोंडाशी, अगदी वर, सुईच्या टोकाएवढ्या जागेतून बारीकशी वाफ उडत होती.

मी किंचाळलेच. "अक्का! वर आहे! वर!"

अक्का खुर्ची पाडून आली. दोन-तीन कांदेवाले आले. रफिकभाई हात पुसत आले, वाकले, ओळ पाहिली आणि हसले. "वा ताई. कांद्यानं चोर पकडला." मग पाइपाशेजारी काळी वायर होती तिच्याकडं बोट करून म्हणाले, "पण ही कंपनीची वायर हाय, तिला धक्का नाय लावायचा हां."

मी ती वायर पाहिली. आडव्या पट्टीला आतल्या बाजूनं वेटोळं घातलेलं. पक्कडीनं दिलेले तीन पीळ. आणि टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. ते आत वळवलेलं टोक थेट रबरी पाइपात रुतून बसलं होतं, आणि गाडी जेवढी थरथरली तेवढं तिथं खोल गेलं होतं.

"ही कंपनीची नाही," मी म्हटलं. "ही आमच्या घरची आहे."

आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू याच गाठीवर उभ्या आहेत. कपडे वाळत घालायची तार, मोडक्या स्टुलाचा पाय, गॅलरीची जाळी, माझ्या जुन्या छत्रीची मूठ. तीन पीळ आणि टोक आत. मुलं लहान असताना घरात एकाही मुलाला कधी तार लागली नाही, ती याच सवयीमुळे. मला आधी राग आला. आठवडाभर "पारखी, पारखी" म्हणून डोकं खाल्लं होतं आणि गळती यांच्याच हातची, हार बांधतानाची! मग डोळे भरून आले, आणि त्याचं कारण मात्र कांदा नव्हता. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. गाडी चांगली होती. मी निवडलेली गाडी चांगली होती.

रफिकभाईंनी गाडी गार होऊ दिली. पक्कडीनं वायर तोडताना त्यांना दोनदा जोर लावावा लागला. "कुणी बांधली? अशी गाठ आमच्याकडं ट्रॅक्टरच्या हुकाला बी नसती." भोक पाइपाच्या अगदी टोकाशी होतं. त्यांनी तेवढं टोक कापून टाकलं, उरलेला पाइप ओढून पुन्हा बसवला, पट्टा आवळला, कूलंट भरलं आणि गाडी पुन्हा तापेपर्यंत शेजारी उभे राहिले. एक थेंब नाही. मी वायरचा तुकडा मागून घेतला. बाहेर पडताना एका कांदेवाल्यानं बटव्यात मावतील तेवढे कांदे अक्काला दिले. "तुमच्या गाडीनं आमचे कांदे कामाला लावले," म्हणाला.

परत

अक्काला निफाडला सोडलं. ती फाटकात उभी राहून म्हणाली, "आता या गाडीतून मला नाशिकला न्यायचं. आणि पायाशी कॅन ठेवायचा नाही." पुढे मी एकटी निघाले. चांदोरीला थांबले नाही. काटा मधोमध उभा होता, हलायला तयार नव्हता. उसाचे ट्रॅक्टर मागे टाकले. द्वारकेला सिग्नल सुटेपर्यंत त्या गॅरेजकडे पाहिलं, तो कुणाच्या तरी गाडीखाली टॉर्च मारत होता. खिडकी खाली करून त्याला सांगावंसं वाटलं, पण सगळ्या दिशांच्या गाड्या एकदम सुटल्या आणि मीही सुटले.

मधुकरराव खाली उभे होते. "केला मी फोन त्या माणसाला," ते म्हणाले. "उद्या अकराला बोलावलंय."

मी निफाडहून आणलेला पुठ्ठा गाडीखाली सरकवला आणि दोन खुर्च्या मांडल्या. आम्ही चहा घेत पुठ्ठ्याकडे बघत बसलो. चहा संपला. पुठ्ठा कोरडा. त्यांनी वाकून बोट फिरवलं. कोरडा.

"कुठून गळत होती?"

मी पर्समधून वायर काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती चष्मा वर करून पाहिली. पीळ मोजले नाहीत, अंगठ्यानं नुसतं चाचपलं. आत वळवलेल्या टोकापाशी अंगठा थांबला.  

"एवढ्या रस्त्यात गाठ सुटली नव्हती ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. रफिकभाईंना दोनदा जोर लावून तोडावी लागली."

"लागणारच," ते म्हणाले. तेवढ्यातही ते जरा ताठ बसले. मग फोन काढला, त्या माणसाला लावला आणि माझ्यासमोरच सांगितलं, "उद्या येत नाही. गाडी चांगली आहे. आमच्या मिसेसनी पारखून घेतलीये."

रविवारी सकाळी ते बाजारातून आले तेव्हा हातात झेंडूचा ताजा हार होता. त्यांनी बॉनेट उघडलं आणि खिशातून पांढरा दोरा काढला, हारवाल्यानं पहिल्या वेळी दिलेला, तोच. मी बाजूला सरकून त्यांना जागा करून दिली.

त्यांनी दोरा माझ्या हातात दिला.

"तू बांध," ते म्हणाले. "गाडी तुझी आहे."